मागचं पण दिसलं पाहिजे!

आमच्या शेजारच्या कारखानीसकाकांकडे गरम थालीपीठ मिळत नाही. काकू तव्यावरून उतरवतात तेव्हा चांगलं वाफाळत असतं. पण ताट टेबलावर आलं की काका ओरडतात, "यल्ला, चला, कोणी हात लावायचा नाही!" आणि कॅमेरा काढतात.

तो कॅमेरा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एकदा बटण दाबलं की आपला आपण फोकस पुढून मागे सरकवत फोटो काढत जातो. आधी लोण्याचा गोळा, मग थालीपीठ, मग लोणचं, मग मागची खुर्ची. काका ते सगळे लॅपटॉपवर जोडतात आणि एकाच फोटोत पुढचं-मागचं सगळं लख्ख दिसतं. मात्र तोवर काहीही हलता कामा नये. म्हणून पंखा बंद, एसी बंद. दुबईत, भर जुलैमध्ये!

"अंकल, इट्स जस्ट ब्रेकफास्ट!" माझी लेक वैतागते.

"बेटा, पुढचं कोणीही दाखवतो. मागचं पण दिसलं पाहिजे!"

मध्यंतरी काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाल्या, चांगल्या सहा महिन्यांसाठी. आदल्या दिवशी काकांनी त्यांनाच थालीपीठामागच्या खुर्चीत बसवलं.

"काका, माणसं हलतात, त्यांचा असा फोटो येत नाही म्हणून तुम्हीच सांगता ना?" मी म्हटलं.

"अगं, लग्नापासूनचे फोटो काढून बसलो होतो. पुढे केक, पुढे मुलगी, पुढे नवी गाडी. ही सगळीकडे मागे, आणि सगळीकडे धूसर. एक तरी स्पष्ट नको का माझ्याजवळ?" काका कॅमेऱ्यावर वाकत म्हणाले.

काकू अगदी पुतळ्यासारख्या बसल्या. कॅमेरा खट्‌खट् करत थालीपीठावरून त्यांच्यापर्यंत पोचला, आणि नेमकं तेव्हाच बाईंना राहवलं नाही.

"अहो, केवढे घामाघूम झालात!" म्हणत त्या काकांचं कपाळ पुसायला ओढणी घेऊन उठल्याच.

फोटोत लोणी लख्ख, लोणचं लख्ख, आणि काकूंना तीन हात.

"अगंबाई, काय ध्यान दिसतेय! परत काढा."

"खलास. हाच," म्हणत काकांनी तो प्रिंट करून फ्रिजवर लावला.

काकू पुण्याला गेल्या. परवा काकांची चौकशी करायला गेले. काकांनी स्वतः थापलेलं, कडेनं करपलेलं थालीपीठ तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकलं. एसी मस्त चालू होता.

"काका, फोटो?"

"मागे नुसती खुर्चीच आहे गं. खा, गरम आहे तोवर."

त्या घरात पहिल्यांदाच मला गरम थालीपीठ मिळालं, आणि मेलं मला ते गारच हवं होतं.