म्हशींपुढे पोवाडा, संदर्भासहित

मार्तंड सबनीस सोमवारी दुपारी जेवण झाल्यापासून एका शब्दासाठी भांडत होते. शब्द होता ‘लोकनेते’. माजी नगरसेवक चंद्रप्रकाश राऊळ यांच्या चरित्रात कोणीतरी ‘नेते’ खोडून ‘लोकनेते’ केलं होतं आणि मार्तंडरावांनी ते पुन्हा ‘नेते’ केलं होतं. गेल्या तीन आठवड्यांत हे सत्तावीस वेळा झालं होतं.

हे चरित्र होतं इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात. तिथे कोणीही लिहू शकतो, आणि कोणीही लिहिलेलं कोणीही खोडू शकतो, त्यामुळे निवृत्त माणसाला तिथे कामाची ददात नसते. मार्तंडरावांची एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीत गेली होती. समोर माणूस उभा असला तरी दाखला पाहिल्याशिवाय तो जन्मला आहे हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. ज्ञानकोशाचा नियमही तोच होता: प्रत्येक वाक्याला छापील संदर्भ हवा, आणि माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते धरायचं नाही. हा नियम वाचला तेव्हा मार्तंडरावांना माहेरी आल्यासारखं वाटलं होतं. अकरा वर्षं ते बोरीवलीच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरून बिनसंदर्भाची वाक्यं वेचून काढत होते.

त्याचं फळ आता समोर दिसत होतं. ज्ञानकोशाच्या मंडळींनी प्रचालकपदासाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. प्रचालक म्हणजे पानाला कुलूप लावणारा आणि वाह्यात सदस्यांना बाहेर काढणारा अधिकारी. मतदान रविवारी संध्याकाळी सहाला संपणार होतं. मार्तंडराव नोकरीला कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. अधिकारी होण्याची ही त्यांची पहिली आणि शेवटची संधी होती, आणि ते पद त्यांना फार हवं होतं.

तर सोमवारी त्यांनी संगणकावर दोन खिडक्या उघडल्या होत्या. एकीत राऊळांचं चरित्र, दुसरीत त्याबद्दल वाद घालायचं चर्चापान. चर्चापानावर त्यांनी लिहिलं, ‘हे असंच चालू दिलं तर उद्या कोणीही काहीही लिहील. उदाहरणार्थ,’ आणि उदाहरण नीट सजवून लिहिलं: ‘बालपणी ते आरे कॉलनीतील म्हशींना पोवाडे म्हणून दाखवत, त्यामुळे म्हशी दीडपट दूध देत.’

“अहो, दूध उतू जातंय,” स्वयंपाकघरातून पद्मजाताई म्हणाल्या. “गॅस बंद करा आधी. माझे हात पिठात आहेत.”

मार्तंडरावांनी ‘जतन करा’ दाबलं आणि धावले. दूध वाचलं. उदाहरण मात्र खिडक्यांच्या घोळात चर्चापानाऐवजी थेट चरित्रात जाऊन बसलं होतं, आणि हे त्यांना कळलं बुधवारी, ‘उपनगर दणका’ हे साप्ताहिक दारात पडल्यावर. चंद्रप्रकाश राऊळ यांच्या साठीनिमित्त पूर्ण पान होतं. वर मथळा, ‘म्हशींनाही ज्यांनी शिवचरित्र ऐकवले’. मार्तंडरावांच्या हातातला चहा बशीत आला.

दणक्याच्या वार्ताहराने ज्ञानकोश उघडला होता आणि जे दिसलं ते उचललं होतं. मार्तंडरावांनी ताबडतोब चरित्रातलं वाक्य खोडलं. दोन मिनिटांत ते परत आलं, आणि त्याच्या शेपटीला संदर्भही लागला होता: उपनगर दणका, पान तीन. त्यांनी पुन्हा खोडलं. पुन्हा आलं. मग फोन वाजला.

फोन एल्टनचा होता. एल्टन बोरीवलीच्या गावठाणातला, साकीनाक्याला स्वतःचं लेथ मशीनचं वर्कशॉप चालवणारा, आणि वाचनालयातल्या एका शिबिरात मार्तंडरावांकडूनच ज्ञानकोशाचे नियम शिकलेला. गुरूपेक्षा शिष्य कडक निघावा असा प्रकार होता.

“काका, काय करताय? ते म्हशींचं दोनदा उडवलंत. आज तिसऱ्यांदा उडवलंत ना, तर नियमाने मला तुम्हाला नोटीस द्यायला लागेल.”

“अरे, ते खोटं आहे.”

“छापून आलंय काका. पान तीन.”

“त्यांनी ज्ञानकोशातून उचललं रे.”

“आणि ज्ञानकोशात कोणी लिहिलं? तुम्ही. म्हणजे खरंच असणार. मी फक्त संदर्भ जोडला. म्हटलं काका विसरले असतील, वय झालं.”

तेव्हाच मार्तंडराव ‘अरे बाबा, चुकून गेलं’ म्हणाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मतदान चालू होतं, सगळी मतं त्यांच्या बाजूने पडत होती, आणि अकरा वर्षांच्या पाटीवर एक रेघ नव्हती. त्यांना लाज वाटली आणि भीतीही वाटली. ते म्हणाले, “बघतो मी,” आणि फोन ठेवला.

पद्मजाताईंनी दोन पर्याय सांगितले. “एक तर सांगून टाका. नाहीतर गप्प बसा. म्हशी काही तक्रार करणार नाहीत.”

मार्तंडरावांनी तिसरा काढला. राऊळांनी स्वतः दणक्यात खुलासा छापला, की तोच छापील संदर्भ, आणि वाक्य नियमाने खोडता येईल. गुरुवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून राऊळांच्या कार्यालयात गेले.

“बसा सबनीस,” राऊळ म्हणाले, आणि आतल्या बाजूला बघून मालवणीत ओरडले, “रे, दोन चाय हाड.”

“साहेब, ते म्हशींचं काही खरं नाही ना. तुम्ही एक छोटा खुलासा दिलात तर बरं होईल.”

“खुलासा कसला? सकाळपासून आरेच्या तबेलेवाल्यांचे सहा फोन आले. शनिवारी सत्कार ठेवलाय. पंधरा वर्षं मी त्या वस्तीत मतं मागतोय, कधी पाणी नाही विचारलं कोणी. आता म्हणतात, भाऊ आपला माणूस.”

“पण तुमचं बालपण तर कुडाळला गेलं.”

“सुट्टीत यायचो की मामाकडे.”

“तुमचे मामा आरेत होते?”

राऊळांनी चहाचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं. “आता तुम्ही विचारताय तसं हळूहळू आठवतंय.”

संध्याकाळपर्यंत त्यांना बरंच आठवलं आणि ते सगळं त्यांनी दणक्याला फोनवरून सांगितलं. शुक्रवारी दणक्याने खास अंक काढला. मुलुंडच्या शर्मिष्ठा प्रधान या ज्ञानकोशाच्या फार शिस्तीच्या संपादक. त्यांनी अंक वाचून चरित्रात ‘बालपण आणि पशुप्रेम’ असा स्वतंत्र विभागच केला, चार उपविभागांसह. चर्चापानावर वाद पेटला तो म्हशी दूध दीडपट देत की सव्वापट, यावर.

शनिवारी आरेच्या तबेल्यात सत्कार झाला. राऊळांनी फेटा बांधला, डफ हातात घेतला आणि म्हशींच्या रांगेपुढे पहिलं कडवं म्हटलं. माईक किंचाळला तशा सगळ्या म्हशी एकदम मागे सरकल्या. एक मात्र पुढे आली, तिने मान लांब केली आणि राऊळांच्या गळ्यातला झेंडूचा हार शांतपणे खाऊन टाकला. दणक्याने त्याच दुपारी पुरवणी काढली: ‘बालमैत्रिणीने पन्नास वर्षांनी ओळखले’.

मार्तंडरावांना राहवेना. त्यांनी चर्चापानावर विचारलं, ‘म्हैस पन्नास वर्षं जगते का?’

‘मुद्दा योग्य,’ शर्मिष्ठाताईंनी उत्तर दिलं. ‘बालमैत्रीण असा उल्लेख काढून बालमैत्रिणीची वंशज असा करावा.’

‘वंशजाला संदर्भ लागेल,’ एल्टनने लिहिलं. ‘तबेल्यात जन्मनोंदी असतात का बघतो.’

जन्मनोंदी हा शब्द वाचला आणि मार्तंडरावांच्या आत काहीतरी तुटलं. आयुष्यभर ज्या गोष्टीची त्यांनी राखण केली, तिच्याच नावाने आता म्हशीची वंशावळ तयार होणार होती. रविवारी दुपारी बाराला त्यांनी चर्चापानावर सरळ लिहून टाकलं: ‘ते वाक्य माझ्या मनाचं होतं. मी उदाहरण म्हणून रचलं आणि चुकून चरित्रात टाकलं. भीतीपोटी गप्प राहिलो. क्षमस्व. मत मागे घ्यायचं असेल त्यांनी घ्यावं.’ लिहिल्यावर त्यांना आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली. ते दोन पोळ्या जास्त जेवले.

चारच्या सुमाराला दाराची बेल दोनदा वाजली. एल्टन धापा टाकत उभा होता.

“काका, वाट लागली. तुमचं खातं हॅक झालंय.”

“काय?”

“कोणीतरी तुमच्या नावाने कायच्या काय लिहिलंय. म्हणे सगळं मनाचं होतं. शर्मिष्ठाताईंनी पाच मिनिटांत ओळखलं. एवढी मोठी कबुली आणि एक संदर्भ नाही. काका असं लिहितील? शक्यच नाही. लगेच खात्याला कुलूप लावायला लावलं.”

“एल्टन, ते मीच लिहिलंय.”

एल्टनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे वळून हळूच विचारलं, “काकू, काका बरे आहेत ना?”

“बरे आहेत,” पद्मजाताई म्हणाल्या. “आणि खरं बोलतायत. दूध उतू जात होतं तेव्हा मी घरातच होते.”

“काकू, तुम्ही घरच्या. तुमचं धरता येत नाही. आणि काका तर स्वतःबद्दलच बोलतायत.” त्याचा चेहरा खरंच कळवळला. “तुम्हीच शिकवलंत ना हे.”

सहाला निकाल लागला. एकोणीस मतं, सगळी बाजूने. ‘हल्लेखोराच्या कारस्थानाला न जुमानता’ असं शर्मिष्ठाताईंनी खाली लिहिलं होतं. खातं उघडून अधिकार द्यायला एकच अट होती. मार्तंडरावांनी एल्टनसमोर, एल्टनच्या फोनवरून, ती कबुली आपली नाही एवढं कळवायचं.

मार्तंडरावांनी हिशेब केला. खरं सांगून खोटं जात नव्हतं. पद नाकारलं असतं तर म्हैस चरित्रात कायमची राहिली असती आणि तिची पणतीही येऊन बसली असती. शेवटी त्यांनी एल्टनला विचारलं, “हॅकर माझ्या खात्यात कधीपासून होता, ते कोणी ठरवलंय का?”

“नाही. का?”

“सोमवारी दुपारपासून होता असं लिही. ते म्हशींचं पहिलं वाक्य, तेही त्यानेच टाकलं.”

एल्टनच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. “म्हणूनच तुम्ही ते उडवत होता,” तो म्हणाला. “आणि मी गाढव नोटीस द्यायला निघालो होतो.” त्याने वाकून काकांच्या पायाला हात लावला. मार्तंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय मागे घ्यायला उशीर झाला होता.

सात वाजता प्रचालक मार्तंड सबनीस यांनी ‘बालपण आणि पशुप्रेम’ हा विभाग चारही उपविभागांसह काढून टाकला. कारण दिलं, ‘हल्लेखोराने घातलेला मजकूर’. कोणीही हरकत घेतली नाही. अकरा वर्षांत चरित्र इतकं खरं कधी नव्हतं, आणि ते खरं करायला मार्तंडरावांना आयुष्यातलं पहिलं ठरवून खोटं बोलावं लागलं होतं. तरी त्या रात्री ते व्यवस्थित झोपले, याचं त्यांना सकाळी वाईट वाटलं.

सोमवारी दणक्याचा आणखी एक खास अंक आला. ‘राऊळ यांच्या चरित्रावर सायबर हल्ला. विरोधकांचा हात?’ असा मथळा होता आणि खाली राऊळांचा फेट्यातला फोटो. एल्टनने न्याहारीच्या आतच चरित्रात ‘चरित्रावरील सायबर हल्ला’ असा नवा विभाग जोडला होता आणि प्रचालकांची मंजुरी मागितली होती. मार्तंडरावांनी संदर्भ पाहिला. पान एक, तारीख बरोबर, छपाई स्वच्छ. नियमात काहीच खोट नव्हती. त्यांनी मंजुरी दिली.

“राऊळसाहेबांनी पोलिसांत तक्रार केली म्हणे,” पद्मजाताई बातमीचा शेवट वाचत म्हणाल्या. “हॅकर बोरीवलीतलाच असावा असा संशय आहे. पोलीस इथे आले तर काय सांगाल?”

“खरं सांगेन.”

“आणि मानतील ते?”

मार्तंडरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“नाही मानणार,” ते म्हणाले. “कुठे छापून आलंय ते विचारतील.”