आमच्या घरातून जाणारी वाट

रोज सकाळी सव्वासहाला एक गृहस्थ आमच्या पुढच्या दारातून आत यायचे, हॉल ओलांडून स्वयंपाकघरात शिरायचे आणि मागच्या दाराने निघून जायचे. नात्याचे नव्हते, दूधवाले नव्हते, आणि चोर तर नव्हतेच. चोर एवढा खाकरत येत नाही. माझ्या नातीला हे सांगितलं की ती विचारते, "आजी, तुम्ही पोलिसांना का नाही बोलावलं?" बोलावलं असतं गं, पण पोलिसांनी त्यांनाच आधी नमस्कार केला असता.

त्यांचं नाव मानोजीअण्णा. सत्तरीचे, धोतर, गळ्याला लोकरी मफलर, काखेत छत्री. चपला पुढच्या दारात काढायच्या, हातात धरून घर पार करायचं, मागच्या पायरीवर परत घालायच्या. वाटेत मी आले तर म्हणायचे, "स्वल्प सरका की अक्का. वाट आहे."

वाट होती हे खरंच. कानडी मुलखात, होसूर रोडपासून आत एका खेड्याच्या कडेला आम्ही घर बांधलं होतं, कारण यांची नोकरी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात. आमची साइट, म्हणजे आपल्या भाषेत प्लॉट, एकेकाळी अण्णांची जमीन. त्यांच्या घरापासून विहिरीकडे जाणारी पायवाट नेमकी आमच्या हॉलमधून जात होती. लेआउट पडलं, म्हणजे प्लॉट पाडले, जमीन विकली गेली, घरं उठली. अण्णांच्या मते यातल्या कशाचाही वाटेशी संबंध नव्हता. "रोज एकदा पाय पडला नाही तर वाट मरते," असं ते अगदी वैद्याच्या गांभीर्याने सांगत.

मी एकदा शोकेस त्यांच्या मार्गात सरकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं, "वाटेत झाड वाढलं की वळसा घ्यायचा," असं स्वतःशीच म्हणाले आणि आमच्या बेडरूमच्या दारावरून वळसा घेतला. त्या दिवशी यांची आंघोळ नुकतीच झाली होती. टॉवेलातले हे समोर दिसताच अण्णांनी छताकडे नजर लावली आणि "सरी, सरी", म्हणजे कानडीत ठीक, ठीक, म्हणत पुढे गेले. शोकेस मी संध्याकाळीच जागेवर नेलं.

अण्णा कधी चहा-कॉफीला थांबले नाहीत. "वाटेवर बसलं तर ती वाट राहते काय?" पण जाता जाता एखादं वाक्य टाकायचे. "आमटीला हिंग स्वल्प कमी आहे." "पोरगी खोकते की, ओवा द्या." मराठी असं बोलायचे की मी, पुण्याची, दातओठ खायची. ते म्हणायचे, "आमचे लोक तीनशे वर्षांमागे घोड्यावर बसून आले. घोडी मेली, आम्ही राहिलो." मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. त्यानंतर दर वर्षी थोडं थोडं कमी कळत गेलं.

अशात आईबाबांचं पत्र आलं, महिनाभर राहायला येतोय म्हणून. माझी झोप उडाली. पुणं सोडताना बाबा म्हणाले होते, "परमुलूख आहे. नाही जमलं तर लाजू नका, परत या." त्या एका वाक्याच्या रागावर मी दोन वर्षं काढली होती. पत्रांतून मी शांत वस्ती, बंगला, बाग, मोकळी हवा असं लिहीत होते. बाग म्हणजे शेजारचं नाचणीचं शेत आणि शांतता म्हणजे वीज गेल्यावर पंपांचे आवाज थांबत, ती. आता त्या बंगल्याच्या हॉलमधून सकाळी चपला हातात घेतलेला माणूस जाताना बाबांनी पाहिला, की संपलंच.

मी आईबाबांची गाडी यायच्या आदल्या दिवशी चांगली वीतभर लांबीची कडी आणली आणि यांच्याकडून पुढच्या दाराला ठोकून घेतली. हे म्हणाले, "अगं, अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न आहे." मी ऐकून घेतलं नाही. मागच्या दाराला कडी होतीच, तीही घातली.

पहिल्या सकाळी मी दाराआड उभी. सव्वासहाला बाहेर खाकरणं ऐकू आलं. मग चपला काढल्याचा आवाज. मग काहीच नाही. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने चपला परत पायात घातल्याचा आवाज आला.

"कोण होतं गं?" बाबांनी विचारलं.

"पेपरवाला."

"मग पेपर कुठाय?" आई म्हणाली.

"आज आला नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि अंथरुणाची घडी घालायला घेतली. आईच ती.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी खाकरणं आलंच नाही. मी जिंकले होते आणि मला घरात धड बसवेना. दार उघडून बघ, गेटपर्यंत जा, परत ये. चौथ्या-पाचव्या दिवशीही तेच. हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून हॉल. शेवटी आई म्हणाली, "काय येरझारा घालतेयस सकाळपासून? काय हरवलंय?"

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, बाबा म्हणतील, बरी कडी लावलीस. बाबांची सगळी नोकरी भूमापन खात्यात गेलेली. त्यांनी चष्मा काढला.

"वहिवाट अडवलीस?"

असा आवाज त्यांनी माझ्या लग्नाआधीही माझ्यावर चढवला नव्हता. "चल," म्हणाले, "माणूस कुठे राहतो ते दाखव."

अण्णा आपल्या घराच्या ओट्यावर बसले होते. मफलर, छत्री, सगळं जागच्या जागी. निघायच्या तयारीत बसलेले आणि न निघालेले. मागे ते मोठं घर, सगळी दारं बंद. मुलगा तिकडे शहरात, राजाजीनगरात राहायचा, सणाला येऊन जायचा. बाबा मोजणी करायला आल्यासारखे उभे राहिले. "विहीर कुठल्या बाजूला?"

"विहीर बुजवून चार वर्षं झाली की साहेब. माती टाकताना मीच उभा होतो."

"मग रोज जाता कुठे?"

"बुजवली तिथपर्यंत. मग रस्त्यानं घरी."

अण्णा छत्रीच्या मुठीवरून हात फिरवत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोलावल्याविना कुणाच्या घरी कसं जायचं? आणि म्हाताऱ्याला कोण बोलावतं? वाट असली की विचारायला नको. फोडणी कसली ते कळते. पोरं उठली ते कळते. पाच घरं होती वाटेवर. चौघांनी दारं लावून घेतली. अक्काचं एक होतं." मग म्हणाले, "सरी. त्यांचं घर आहे."

बाबा ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि जुन्या शंकूसाखळीने जमीन कशी मोजायचे ते त्यांना सांगू लागले. मी एकटीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचपासून पुढचं दार सताड उघडं होतं. आईबाबा हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात. सव्वासहा झाले, वर वीस मिनिटं गेली. मग खाकरणं आलं. चपला निघाल्या. अण्णा उंबऱ्यापाशी थांबले आणि जे आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "येऊ काय अक्का?"

आई जागची उठली नाही. तांदूळ निवडता निवडता गुडघे तेवढे बाजूला घेतले आणि म्हणाली, "आम्हीच मेले वाटेत बसलोय. जरा जपून या हं, अण्णा."

ते आले. चपला हातात धरून, आईचं तांदळाचं ताट ओलांडून, स्वयंपाकघरात. आणि मागच्या दारापाशी थबकले. पुढची कडी काढायच्या गडबडीत मागची तशीच राहिली होती.

"काढते हं," मी म्हणाले. आणि हातातलं पीठ धुवायला, पदराला हात पुसायला, आज नेमकी घट्ट बसली म्हणून कडीशी झटापट करायला मी चांगला पाव तास लावला. तोवर अण्णा माझ्या ओट्याला टेकून उभे होते आणि त्यांच्या बायकोच्या हातच्या मुद्देला, नाचणीच्या उकडीच्या गोळ्याला, कशी चव होती ते सांगत होते.