आक्कांनी उतरवलेला वाघ

आमच्या शेजारच्या शेवंताआक्कांनी आयुष्यात काही फाडलेलं नाही. बिस्किटाचा पुडासुद्धा त्या नखानं कडेकडेनं उकलतात. लग्नपत्रिकेचं पाकीट चहाच्या वाफेवर धरून उघडतात. सफरचंदावरचा स्टिकर अख्खा निघाला, की तो बशीच्या कडेला ठेवतात आणि मगच सफरचंद खातात. कुणी काही टरकन ओढलं तर त्यांच्या अंगावर काटा येतो. "वढू नको रं. सोडीव," एवढंच म्हणतात.

चिकोडीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर निपाणीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आल्या. गल्लीत कुणाच्या गुडघ्याची पट्टी काढायची असली की पोरं आईकडं न जाता आक्कांकडं जातात. आक्का त्यांना शाळेतलं काहीतरी विचारत बसतात आणि पट्टी कधी निघाली ते पोराला कळत नाही.

गेल्या थंडीत मी बेळगावहून एक जुनी गाडी घेतली. मूळची पांढरी, पण आधीच्या मालकानं तिला सगळीकडून पोपटी फिल्म चिकटवलेली, आणि बॉनेटवर जबडा उघडलेला वाघ. मी हायस्कूलात मास्तर. पहिल्याच दिवशी नववीचा अख्खा वर्ग खिडकीला लागला. त्यात गाडी माझ्या नावावर होईना. कागदावर पांढरी आणि दारात पोपटी हे चालायचं नाही, आधी फिल्म काढून आणा, असं मला आरटीओत सांगण्यात आलं.

रविवारी सकाळी मी गाडीच्या दारापासून सुरुवात केली. उन्हानं फिल्म ठिसूळ झाली होती. ओढली की नखाएवढा कपचा हातात यायचा. एका कपच्याबरोबर थोडा पांढरा रंगही आला. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, थांब. हात काढ तिथनं."

आक्का पदर खोचून आल्या. पत्र्यावर पालथा हात ठेवून त्यांनी अंदाज घेतला. "गार पडलंय. असं कसं निघंल? सुनी, तुझं केस वाळवायचं मशीन आण गं."

सुनी म्हणजे माझी बायको सुनीता. तिनं मशीन आणलं. आक्का गरम हवा द्यायच्या, नखानं कड उचलायच्या आणि फिल्म अगदी सपाट मागं दुमडत न्यायच्या. गाडीशी बोलणं चालूच. "झालंच बघ. उगं अंग चोरू नको." मी ओशाळून जरा बाजूला सरकलो, तर म्हणाल्या, "तुला न्हाय रं. तिला म्हनलं."

जेवणानंतर त्यांनी गाडीवर जुनी चादर घातली. "पडू दे जरा." मग मीही पडलो.

पुढच्या रविवारी मशीन जळालं. आक्का घरातून गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आल्या आणि ती त्यांनी वाघाच्या कपाळावर ठेवली. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. समोरच्या किराणा दुकानदारानं विचारलं, "आक्का, ताप उतरला व्हय वाघाचा?"

"उतरंल. घाई न्हाय," आक्का गंभीरपणे म्हणाल्या.

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांत आहे. ऊन अंगणात सांडून तसंच पडलेलं. गोंदाचा गोडसर उग्र वास, आणि त्यात मिसळलेला वखारीतल्या तंबाखूचा. कुणाच्या तरी घरात रेडिओवर कानडी गाणं लागलेलं. वाघाचा एक कान सुटला, मग डोळा, मग जबडा. खालून पांढरा रंग सावकाश वर येत होता, नुसतं बघत राहावं असा. मी कट्ट्यावर बसून होतो, आणि आपण जागे आहोत की पेंगतोय, हे मलाच कळत नव्हतं. शेवटी वाघ अख्खा सुटला आणि आक्कांच्या दोन्ही हातांवर ओल्या साडीसारखा लोंबत राहिला. त्यांनी तो घडी घालून भिंतीकडेला ठेवला.

त्यांचे हात गोंदानं काळे झाले होते. बोटाला बोट चिकटत होतं. साबणानं काही होईना. सुनीतानं त्यांना कट्ट्यावर बसवलं, खोबरेल तेलाची वाटी आणली आणि एकेक बोट चोळून मोकळं करायला लागली.

"राहू दे गं, मी करते," आक्का म्हणाल्या. पण हात मागं घेतला नाही.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "आपरेशनच्या आधी माणसं हात सोडत न्हाईत बघ. मिशीवाली, दांडगी माणसं. लहान पोरागत धरून बसत्यात. डॉक्टर आत बोलवायचे, तरी मी उभीच."

"आणि तुम्ही आजारी पडलात तेव्हा?" सुनीतानं विचारलं.

आक्कांनी जरा विचार केला. "मी कुठं आजारी पडले गं," म्हणाल्या, आणि सुनीताच्या हातातल्या आपल्या हाताकडं बघत राहिल्या. बघता बघता त्यांचे डोळे मिटले. मान भिंतीला टेकली.

गोंद केव्हाच निघाला होता. सुनीता चोळतच राहिली. गाडी धुवायला मी बादली उचलणार, एवढ्यात तिनं मानेनंच नको म्हटलं. बादलीची कडी वाजली असती.