तांबोळी सर आणि खाडीतला नर

आमचे तांबोळी सर समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघतात तेव्हा त्यांना नाक, ओठ, मिशी काही दिसत नाही. फक्त पापण्या दिसतात. मी फौजेतून निवृत्त होऊन सांगलीजवळ माधवनगरात घर घेतलं, ट्रकमधून सामान उतरवून घेत होतो, तेव्हा शेजारच्या फाटकातून एक बुटके, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आले. माझ्या तोंडाशी तोंड आणून उभे राहिले आणि म्हणाले, "लय राठ पापणी हाय तुमची. एक मिळंल का?"

फौजेत माझ्याकडे लोकांनी बिडी मागितली, रजा मागितली, रम मागितली. पापणी कुणी मागितली नव्हती. मी जरा तिरसटपणेच "कशाला?" म्हणालो. सरांनी खिशातून उदबत्तीची रिकामी काडी काढली. तिच्या टोकाला डिंकानं एक केस चिकटवलेला होता. "ही झिजली बगा. आमचे किडे सुईनं उचलले की फाटत्यात. पापणीनंच उचलाय लागतंय."

मी साफ नकार दिला. माझी बायको मंगल पदर तोंडाला लावून हसत होती. तिनं सरळ स्वतःची एक पापणी उपटून त्यांच्या तळहातावर ठेवली. रात्री मला म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुम्ही कधी माझ्या डोळ्यांकडं नीट बघितलं नाही. शेजाऱ्यांनी निदान पापणी तरी मागितली."

सर मूळचे कोरेगावचे, घरचा पानाचा धंदा. शिकून सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पण भाषा कोरेगावचीच राहिली. लग्न केलं नाही. थोरली विधवा बहीण, राबियाआपा, घर सांभाळते. सरांचा जन्माचा विषय म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारे सूत्रकृमी. खारफुटीच्या मुळांशी जो काळा, कुबट वासाचा चिखल असतो त्याच्या चमचाभरात असले असंख्य किडे वळवळत असतात, आणि नुसत्या डोळ्यांनी एकही धड दिसत नाही. आता सांगलीत नदी आहे, नदीत मगरी आहेत, पण खाडी नाही. मगरींवर अभ्यास केला असता तर पेपरात फोटो आले असते, असं मी एकदा म्हणालोही. सर म्हणाले, "मगरीला बगायला सगळं गाव हाय की. ह्यांना कोन हाय?"

आमच्या भागात सूत्रकृमी म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी चढते. डाळिंबाच्या, द्राक्षाच्या मुळांना गाठी आणणारा तो हाच, असा समज. त्यामुळे सरांची कीर्ती कानावर आली की आटपाडीकडचा कुणीतरी गाठाळलेली मुळं पिशवीत घेऊन दारात उभा राहायचा आणि औषध विचारायचा. सर त्याला चहा पाजायचे, योग्य त्या माणसाकडे पाठवायचे, आणि तो गेल्यावर तासभर कुरकुरायचे. "भावकीतला एक चोर निघाला म्हनून सगळ्या आडनावाला बोल लावायचा का, सुभेदार? माझा किडा चिखलात ऱ्हातो, चिखलातलंच बारीकसारीक खातो. कुनाचं काय घेत न्हाई बिचारा."

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. सर मला पहिल्या दिवसापासून सुभेदार म्हणतात. मला बढती देणारे ते एकटेच.

गल्लीत मात्र त्यांच्याबद्दल वेगळीच कुजबुज होती. चिखल आणायला त्यांना घाट उतरून कोकणात जावं लागे, आणि ओहोटीला पाणी सगळ्यात लांब हटतं ते अमावस्येच्या आसपास. पौर्णिमेलाही हटतं, पण पौर्णिमेला गेलेल्या माणसाची कोण आठवण ठेवतो? तेव्हा दर अमावस्येला हे दाढीवाले गृहस्थ डबा घेऊन एसटीनं गायब होणार, दुसऱ्या दिवशी डब्यात काळंकुट्ट काहीतरी घेऊन परत येणार. त्यात लोकांकडे पापण्या मागणार. व्हायचं तेच झालं. एका सकाळी त्यांच्या फाटकाशी कुणीतरी उतारा म्हणून लिंबू ठेवलं. सरांनी ते उचललं, वास घेतला आणि आत हाक दिली, "आपा, रसाळ दिसतंय. सरबत कर." त्यातलं एक भांडं मलाही आलं. मंगल नको नको म्हणत असताना मी प्यालो आणि मला काही झालं नाही. तेव्हापासून गल्लीची भीती मोडली.

भीतीच्या जागी उत्सुकता आली. कारण सरांना एक नवीन जात सापडली होती. जगात कुणी न पाहिलेली, असं त्यांचं म्हणणं. पण सापडल्या त्या सगळ्या माद्या. "मादीवरनं खात्री पटत न्हाई," सर सांगायचे. "नराच्या शेपटापाशी दोन वाकडे काटे असत्यात, इळ्याच्या पात्यागत. ते बगितल्याबिगर नाव द्येता येत न्हाई." ही गोष्ट गल्लीला एकदम पटली. स्थळ चांगलं आहे, नवरदेव मिळत नाही, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं. दाढी करताना न्हावी विचारायचा, दूधवाला विचारायचा, "सर, नर घावला का?" एका आजीनं तर आपल्या माहेरच्या तळ्यात बघा म्हणून सुचवलं. पाहुणे मोठे आहेत, म्हणाली.

सर सगळ्यांना सारखंच उत्तर द्यायचे. "घावंल. घाई करून चालत न्हाई." पण घाई होती. त्यांचे डोळे चालले होते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पण दुसऱ्याच्या आतला पडदाच खराब झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसणं कमी करायला लावलं. एका किड्याला नाव द्यायचं, एवढंच त्यांचं आयुष्यात उरलं होतं, आणि तेवढं तरी व्हावं असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

मध्येच मंगल गेली. ताप काय आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. मुलगा पुण्याहून आला, दिवसकार्य करून परत गेला. मी दार लावून घेतलं. मला फिरायची, कुणाकडे बसायची सवय कधी नव्हतीच. काम असेल तर जायचं, नसेल तर घरात बसायचं, हा माझा स्वभाव. घरात बसूनच मी हळूहळू बोलायचा बंद झालो. दारातल्या चारचाकी गाडीवर धूळ साठली.

एक दिवस सरांनी कडी वाजवली. "सुभेदार, गुडघा गेला. एसटीची पायरी चढवत न्हाई. अमावस्या आलीय, नर घावाय पायजे. गाडी काढता का?"

काम होतं, म्हणून मी गाडी काढली. डब्याखाली जुने पेपर अंथरले, सरांना बूट बाहेर झाडायला लावले आणि आंबा घाट उतरलो. संध्याकाळी ओहोटी लागली. सर पायजमा मांडीपर्यंत खोचून चिखलात उतरले आणि टोक कापलेली इंजेक्शनची मोठी नळी दाबून दाबून चिखल काढू लागले. जो गुडघा एसटीची पायरी चढत नव्हता तो चिखलात तुरुतुरु चालत होता. मला वाटलं, चिखल मऊ असतो म्हणून असेल. मी काठावर डबा धरून उभा होतो. खारफुटीची मुळं बोटांसारखी वर आली होती, त्यांच्यामधून निवटे मासे उड्या मारत होते. अंधार पडल्यावर आम्ही एका खानावळीत बांगडा खाल्ला, तिथेच मुक्काम केला आणि सकाळी परत निघालो. त्या रात्री मला किती दिवसांनी भूक लागली होती.

मग ते दर अमावस्येचं होऊन बसलं. सरांची नजर मंदावली तसा मी त्यांच्या शेजारी सूक्ष्मदर्शकापाशी बसू लागलो. चिखल चाळणीतून धुवायचा, गाळ बशीत घ्यायचा, एकेक किडा पापणीनं उचलायचा. फौजी हात, पण स्थिर. पुढे पुढे मला शेपटं ओळखू यायला लागली.

गेल्या महिन्यात दुपारी असाच बसलो होतो. एक किडा काचेवर घेतला, भिंग फिरवलं आणि शेपटापाशी दोन वाकडे काटे दिसले. मी डोळा चोळून पुन्हा पाहिलं. मग उठून सरांचे दोन्ही खांदे धरले. "सर, नर. नर सापडला."

आपा चहा घेऊन आत येत होत्या. कपबशा टेबलावर ठेवत सहज म्हणाल्या, "आनी एक घावला व्हय?"

मी सरांकडे पाहिलं. सर चहात बघत होते.

"आनी एक म्हणजे?" मी विचारलं.

"तवा रमजानात घावला हुता की पयला," आपा म्हणाल्या. "इफ्तारीचं ताट तसंच टाकून नाचला ह्यो. पर त्याच आठवड्यात मंगलवैनी गेल्या. मग म्हनला, कुनाला बोलू नगं."

"आपा, चहा दिलास न्हवं, आता जा तू," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून मास्तरकीच्या आवाजात सांगू लागले, "एका नरावर भागत न्हाई, सुभेदार. जोडीला आनी दोन-तीन लागत्यात. शास्त्राचा नियमच हाय तसा."

नियम असेलही. पण नाव देणारा लेख लिहून ठेवता आला असता, निदान गल्लीला सांगता आलं असतं. डोळे जात असताना हा माणूस गप्प बसला आणि माझ्या गाडीतून महिन्या-महिन्याला चिखल आणत राहिला.

"मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो.

सरांनी कप खाली ठेवला. "तुमचं दार बंद असायचं. जरा फिराय चला म्हटलं असतं तर आला असता? काम सांगितलं म्हनून गाडी काढली."

मला रडू आलं. मंगल गेली तेव्हा लोकांसमोर आलं नव्हतं, ते सरांच्या टेबलाशी, त्या फॉर्मलिनच्या वासात आलं. सरांनी मला रडू दिलं. काचेवरचा नर वाळू नये म्हणून तेवढ्यात एक थेंब पाणी सोडलं.

डोळे पुसून मी म्हणालो, "आता लेख लिहायला घ्या. तुम्ही सांगा, मी लिहितो. डोळे आहेत तोवर नाव देऊन टाका."

"द्येतो की," सर म्हणाले. बशी पुढे ओढून तिच्यातल्या गाळात पापणीची काडी फिरवली. मग अगदी हळू म्हणाले, "पर मग खाडीवर जायचं कारन ऱ्हात न्हाई, सुभेदार."

"कारण नसलं तरी जाऊ."

"आन् तितं करायचं काय?"

"बसू," मी म्हणालो.