शिंत्रे मास्तरांची कायम नेमणूक

माझे वडील गेल्या वर्षी सैंधवाच्या एका खड्यात सोडियमचा अणू म्हणून रुजू झाले. जागा रिकामी होती, जाहिरात रीतसर आली होती आणि वयाची अट नव्हती. खडा पंचवीस कोटी वर्षांचा. तिथे बासष्ट म्हणजे किस झाड की पत्ती!

वडील कराडच्या शाळेत कवायतीचे मास्तर होते. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं, पण रांग मनासारखी सरळ एकदाही झाली नाही. कोणीतरी नाक पुसायचं, नाहीतर मागच्याला कोपर मारायचं. निवृत्तीनंतर एका विज्ञान प्रदर्शनात त्यांनी क्ष-किरणांनी काढलेलं मिठातल्या अणूंचं चित्र पाहिलं आणि खुर्ची मागवून त्याच्यासमोर बसूनच राहिले.

"अगं, एकही पोरगं रांगेबाहेर नाही," घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज केला.

पहिलं वर्ष उमेदवारीचं. त्यानंतर क्ष-किरणांनी तपासणी व्हायची. अणू स्थिर असेल तर कायम, मग पुन्हा तपासणी नाही; नसेल तर घरी परत.

तपासणीला मी आणि आई गेलो. प्रयोगशाळा गोल आहे आणि एवढी मोठी, की तिथला शिपाई फायली घेऊन सायकलवरून फिरतो. आईच्या पिशवीत वडिलांचा इस्त्री केलेला शर्ट होता. ते घरी यावेत असं ती कोणापाशी बोलली नव्हती, पण शर्ट होता.

डॉ. नर्गिस तडवींनी आम्हाला काचेपुढे बसवलं. काचेपलीकडे सुईच्या टोकावर खडा होता आणि त्यावर गार वाफ सोडलेली होती.

"थंडीत अणू कमी हलतात," त्या म्हणाल्या. "एरवी सगळ्यांचं मिळून एकच चित्र येतं. तपासणीच्या दिवशी आम्ही एकेकाला पाहतो."

मग पडद्यावर ते दिसलं. रांगा. पुढे रांगा, मागे रांगा, वर, खाली, नजर पोचेल तिथवर, आणि तिच्याही पुढे. चिमूटभर मिठातून हे एवढं आपण रोज आमटीत टाकतो. आईने नकळत चपला काढल्या.

"हे तुमचे," डॉक्टरांनी बोट ठेवलं. "जागा सोडत नाहीत, पण हलतायत. नियमाच्या दीडपट. माफ करा, कायम करता येणार नाही. संध्याकाळपर्यंत घरी पाठवू."

मी आईकडे पाहिलं. तिला हवं होतं ते आपसूक मिळालं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"बसल्या जागी पाय हलवायची सवय आहे त्यांना," आई म्हणाली. "घरात लक्ष्मी टिकत नाही, म्हणून मी चाळीस वर्षं ओरडतेय."

"शक्य आहे. पण माझ्या तपासणीपत्रकात स्थिर आणि अस्थिर असे दोनच रकाने आहेत."

आई पडद्याकडे वळली. वडिलांच्या भोवती क्लोरीनचे सहा शेजारी उभे होते, सारख्या अंतरावर, ताठ.

"हातभर अंतर," ती पुटपुटली. मैदानावर वडील हेच ओरडायचे. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "पुन्हा एकदा काढा. त्याआधी मला त्यांच्याशी बोलू द्या."

तशी मनाई कुठल्या नियमात नव्हती. आई काचेजवळ गेली, वाकली आणि जेवताना म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, "अहो, पाय."

दुसरं चित्र आलं. डॉक्टरांनी ते दोनदा मोजलं.

"स्थिर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पत्रकात त्या रकान्यावर खूण केली. खाली कुटुंबीयांच्या सहीची ओळ होती. आईने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं: सौ. कुमुदिनी दिगंबर शिंत्रे. मला रडू आलं. तिला आलं नाही.

बाहेर येऊन तिने चपला घातल्या, पिशवीतला शर्ट चुरगळला नाही ना ते पाहिलं.

"पाच मिनिटं थांबतात पाय," ती म्हणाली. "त्याच्यापुढे कधी ऐकलं नाही त्यांनी माझं."

मी घड्याळ पाहिलं. सही होऊन सात मिनिटं झाली होती.