किल्ला पाडण्यापूर्वीची नोटीस

विध्वंस ही जबाबदारीची बाब आहे. बांधकाम कोणीही करू शकतो आणि आपल्या शहरात कोणीही करतोच. पाडकामाला मात्र शिक्षण, संयम आणि किमान पाच खात्यांचे अभिप्राय लागतात. कर्वेनगरच्या भीमराव ओव्हाळांकडे या तिन्ही गोष्टी होत्या. एका कार्यालयाच्या अतिक्रमण विभागात (कोणत्या, ते सांगून कोणाचेच भले होणार नाही) त्यांनी चौतीस वर्षे काढली. कोणाचा कपभर चहाही कधी फुकट घेतला नाही. बजावलेल्या नोटिसा अकरा हजार दोनशे सहा. पाडलेली बांधकामे शून्य. (एक पत्र्याची शेड पडली होती, पण ती वाऱ्याने, तसा खुलासा भीमरावांनी स्वतःहून दिला होता.)

अशा माणसाला त्याच्या नातीने, आम्रपालीने, 'महासंहार' हा व्हिडिओ गेम खेळायला बसवले. ज्येष्ठ नागरिक संघाने यंदाही आजी-आजोबा आणि नातवंडांच्या जोड्यांसाठी चषक ठेवला होता; सामने आपापल्या घरून ऑनलाइन खेळायचे होते. मागच्या वर्षी आम्रपाली आईच्या वडिलांना घेऊन उतरली होती आणि ते पहिल्याच मिनिटाला झोपी गेले होते. त्यावरून तिच्याच वर्गातला दत्तप्रसाद कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वर्षभर घोरून दाखवत होता. यंदा तिला चषक हवाच होता.

सदर खेळात प्रत्येक जण जादूगार असतो. आपला मंत्र आपण घडवायचा: आग की वीज, गोळा की भिंत, लगेच फुटणारा की थांबून. असा मंत्र सोडला की पूल, बुरूज, राजवाडे, प्रसंगी डोंगरही कोसळतात. दोन्ही जोड्यांना एकेक किल्ला मिळतो. ज्या जोडीचा पडला किंवा जिच्यातला एक जरी सोडून गेला, ती हरली.

"पाडायला परवानगी कोणाची?" भीमरावांनी विचारले.

"कोणाचीच नाही. बटण दाबायचं."

"आणि जावक क्रमांक?"

आम्रपालीने बटण कोणते ते दाखवले.

भीमरावांनी चार दिवस बसून मंत्र घडवला. आग नवव्या पातळीची, आकार बुलडोझरचा, नाव 'कारणे दाखवा'. मंत्र सोडल्यापासून तो फुटेपर्यंतचा अवधी जास्तीत जास्त साठ सेकंद ठेवता येत होता. त्यांनी तेवढा ठेवला आणि हा अवधी कायद्याला धरून नसल्याचे पत्र खेळ बनवणाऱ्या कंपनीला पाठवले.

पहिल्या सामन्यात समोरून विजा बरसत असताना भीमरावांचा जादूगार शत्रूच्या किल्ल्याभोवती पावले मोजत फिरला. (आम्रपाली ढालीचा मंत्र धरून मागे मागे.) मग त्यांनी पडद्यावर लिहिले: 'उपरोक्त किल्ला आपण विनापरवाना उभारल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा तो आपल्या खर्चाने पाडण्यात येईल.'

आता चमत्कार झाला. नोटीस वाचताच समोरचे करीम आजोबा खेळ टाकून उठले आणि घरातल्या कपाटात कागदपत्रे शोधू लागले. ते परतलेच नाहीत. दुसऱ्या फेरीत नसीमबानू आजी भोगवटा पत्र शोधायला गेल्या. तिसऱ्या फेरीतल्या हिंदुरावांनी तर थेट वकिलाला फोन लावला. अंतिम फेरीपर्यंत सामने पाच, विजय पाच, हललेली वीट एकही नाही. संघाच्या फलकावर भीमरावांचा उल्लेख 'या मोसमातील सर्वांत विध्वंसक जादूगार' असा झाला, आणि उपलब्ध आकडेवारी पाहता तो योग्यच होता.

अंतिम सामना होता दत्तप्रसाद आणि त्याचे आजोबा, वाघोलीचे तात्याराव यांच्याशी. तात्याराव उठले नाहीत. चार मिनिटांत त्यांचे उत्तर आले: 'विषय: मुदतवाढ मिळणेबाबत.'

भीमरावांनी ती भाषा ओळखली. तात्यारावांच्या इमारतीला परवानगी चार मजल्यांची होती आणि विनापरवाना पाचव्या मजल्याबाबत दोघांचा एकोणीस वर्षे पत्रव्यवहार चालला होता. त्याच फायलीत दोघांनी एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना शुभेच्छा दिल्या होत्या. भीमराव निवृत्त झाले. पाचवा मजला अजून सेवेत होता.

आयुष्यात एकदा, फक्त एकदा, भीमरावांना काहीतरी पाडायचे होते. ही इच्छा निरोप समारंभातल्या शाल-नारळासोबत घरी आली होती आणि त्यांनी ती पत्नी शर्मिलाबाईंनाही कधी सांगितली नव्हती. त्यांनी बटणावर बोट ठेवले.

"आजोबा, माझी ढाल आता मिनिटभरच टिकेल," आम्रपाली म्हणाली. "आता दाबा. प्लीज."

अंतिम सामन्यात कॅमेरे चालू ठेवण्याचा नियम होता. पडद्याच्या कोपऱ्यातून तात्याराव बघत होते.

"साहेब, एक विचारू का?" ते अगदी आदराने म्हणाले. "आपण बसलाय ती बाल्कनी ना? छान बंद करून घेतलीय. मंजूर नकाशात उघडी असेल, नाही का?"

भीमरावांनी मागे वळून पाहिले. सरकत्या काचांची खिडकी, पडदे, सोफा, आम्रपालीचे अभ्यासाचे टेबल. चौदा वर्षांत हे बांधकाम त्यांच्या निदर्शनास आलेच नव्हते.

"अहो, कबुतरं फार यायची," आतून शर्मिलाबाई म्हणाल्या.

भीमरावांनी बोट उचलले आणि लिहिले: 'आपला अर्ज विचाराधीन आहे. मुदतवाढ मंजूर.' पुढच्याच क्षणी ढाल विझली, दत्तप्रसादची वीज पडली आणि त्यांचा किल्ला तळापासून ढासळला. आम्रपालीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःला नोटीस बजावली. क्रमांक अकरा हजार दोनशे सात. आम्रपालीने ती वाचली, टेबल ओढून हॉलमध्ये नेले आणि तिथेच अभ्यासाला बसली. भीमरावांनी सातव्या दिवशी मुदतवाढ मागितली आणि सर्व बाबींचा साकल्याने विचार करून स्वतःला ती दिली.

वाचक हे सारे ज्या जागी बसून वाचत आहेत, ती जागा मंजूर नकाशात काय म्हणून दाखवली आहे, असे येथे कोणी विचारलेले नाही. तरीही काही वाचक एव्हाना उठून कपाटाकडे गेले आहेत. ते परत येईपर्यंत थांबण्याची पद्धत नाही. सामना त्यांनी सोडला असे समजण्यात येत आहे.