नाना, हवालदार आणि वास

शेजारच्या शेळकेनानांकडे गेलात, तर पाणी नंतर मिळतं; आधी वास घ्यावा लागतो. नाना पिंजरा उचलून थेट नाकाखाली धरतात आणि दरडावतात, "येतोय का वास? खरं सांगायचं!" आत हवालदार असतो. हवालदार म्हणजे लिंबाएवढा हॅमस्टर, गालात दाणे कोंबलेला. नात परदेशी जाताना त्याला आजोबांकडे ठेवून गेली.

नाना भिंगारच्या छावणीत सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. तीस वर्षं त्यांनी आख्ख्या बाजाराला घाम फोडला होता. अशा माणसाच्या घरातून वास येतो, असं आमच्या चेअरमननं सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं! आठ दिवसांत वास गेला नाही, तर प्राणी बाहेर. संताप तर मलाच आला. स्वतःच्या दारातले बूट कधी हुंगले होते का त्यानं? नानांनी खाली खडूनं उत्तर दिलं, "हवालदार हलनार न्हाई. ज्याला वास येतो, त्यानं आधी आपलं नाक धुवावं."

मग नाना पेटले. रोज सकाळी पिंजरा रिकामा. भुसा सगळा फेकायचा, जाळी साबणानं घासायची, कोपरान्‌कोपरा व्हिनेगरनं पुसायचा. वाळू तव्यावर भाजून गार करायची, कारण हवालदार पाण्यात नाही, वाळूत लोळून अंघोळ करतो. "शिस्त म्हंजी शिस्त!" पण जितकं घासलं, तितका वास वाढला. खोटं कशाला बोलू, सातव्या दिवशी मलाही आला. नानांचं तोंड एवढंसं झालं.

"तू पन फितूर झालीस, व्हय गं?"

मीच त्यांना पिंजऱ्यासकट रिक्षात बसवून नगरला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई हसल्याच. "नाना, रोज सगळं धुता म्हणून तर! त्याला आपला वास सापडत नाही, मग घाबरतो आणि पुन्हा जागोजाग वासाच्या खुणा करत सुटतो. रोज फक्त ओल्या कोपऱ्यातला भुसा काढा. बाकीचं आठवड्यानं. आणि तेव्हाही मूठभर कोरडा जुना भुसा नव्यात ठेवा. म्हणजे त्याला कळतं, घर आपलंच आहे."

 घरी आल्याबरोबर नानांनी चेअरमनला ठणकावून आणखी पंधरा दिवस घेतले. सोळाव्या दिवशी चेअरमन आला, त्यानं पिंजरा तीनदा हुंगला, आणि मुकाट्यानं जाऊन फळा पुसला. मी तर टाळ्याच वाजवल्या. वाटलं, आता नाना गल्लीभर मिरवतील, चेअरमनची जिरवतील.

नाना पिंजऱ्यापाशीच बसून होते, मुठीत जुना भुसा धरून.

"तुजी काकू गेली ना, तवा तिसऱ्याच दिशी मी समदं धुतलं. साड्या, गोधडी, उशीचा अभ्रा. खोलीत फिनेल मारलं. लोक म्हनले, नाना लई खंबीर." त्यांनी भुसा हळूच हवालदाराच्या कोपऱ्यात पसरला. "एक अभ्रा तरी ठिवायचा हुता गं."